गेलेल्या फेजची तार

दादा, तुझ्या दहाव्याला घोडनदीच्या घाटावर लोकांनी माईक आणला होता. तुला माईकवर बोलणाऱ्यांचा किती कंटाळा! दुसऱ्या कुणाच्या दहाव्याला गेलास की भाषणं सुरू व्हायच्या आत तू चपला शोधायला लागायचास. या वेळी मात्र तुला उठून जाता येत नव्हतं. एकामागून एक माणसं उठली आणि तुझं गुणगान करून बसली. आपला चुलतभाऊ बबन तर रडत रडत म्हणाला, "आमचा दादा सातवीतनं शाळा सोडल्याला मानूस, पन भल्याभल्या इंजिनेरांना पानी पाजलं आसतं त्यानं. शाळंत काय न्हाई ओ, डोक्यात पायजे!" सगळा घाट माना डोलवत होता. मी बायकांत बसले होते, तोंडाला पदर लावून. वाटलं उठावं, माईक हिसकावून घ्यावा आणि म्हणावं, अरे बाबांनो, त्या डोक्यानेच तर तो गेला. पण बहिणीने दहाव्याला असं बोलायचं नसतं. तिथं गिळलं ते आता तुला सांगते. तुझ्याशी भांडायची सवय मला जन्माची आहे, ती काही तू गेलास म्हणून जात नाही.

तू गेलास त्या दुपारी मी जुन्नरला दहावीच्या बोर्डाच्या परीक्षेवर होते. पोरं खाली मान घालून लिहीत होती. शिपाई दारात आला आणि हळूच म्हणाला, "बाई, कळंबवरून फोन आहे. तुमच्या भावाला करंट लागलाय." खरं सांगू? मला आधी काळजी वाटली नाही, राग आला. करंट तुला कधी लागला नव्हता? "दोनचार झटकं बसल्याबिगर वायरिंग डोक्यात शिरत न्हाई," हे तुझंच बोलणं. एसटीने मंचरला पोचेपर्यंत तुला काय काय सुनावायचं ते मी जुळवत होते. दवाखान्याच्या पायरीवर सोनी बसली होती. तुझी एकुलती एक लेक. हातात तुझी पक्कड. माझ्याकडे बघून ती म्हणाली, "आत्या, फेज तर गेलेला व्हता." पुढचे कितीतरी दिवस ती तेवढंच म्हणत होती. वहिनी तिला जवळ घ्यायला गेली की बाजूला सरकायची आणि पुन्हा तेच, फेज तर गेलेला व्हता.

खरं तर सोनीही त्या दिवशी कुठल्यातरी बाकावर बसून दहावीचा पेपर लिहीत असायला हवी होती. नववीला गणितात ती कशीबशी पास झाली, गुरुजींनी सगळ्या वर्गासमोर तिचा पेपर वाचून दाखवला, ती घरी येऊन म्हणाली, मी जात नाही आता. आणि तू? तू म्हणालास, "बरं झालं. चल दुकानात." वहिनीने मला फोन केला तेव्हा ती रडत होती आणि मागून तुझा हसण्याचा आवाज येत होता.

तुझा शाळेवरचा राग मला माहीत होता. आपल्या गावच्या शाळेतला रेडिओ बंद पडला होता, तू मधल्या सुट्टीत तो उघडलास, आणि सगळे भाग बाकावर मांडलेले असताना गुरुजी आले. तू म्हणालास, "गुरुजी, जोडू तरी द्या." त्यांनी जोडू दिला नाही. कानाखाली ओढली आणि सगळे भाग एका पिशवीत भरून कपाटात टाकले. ही गोष्ट तू दर वेळी वेगळी सांगायचास, कधी एक थप्पड, कधी छडी मोडेपर्यंत मार. पण शेवट तोच असायचा. "माराचं काय न्हाई गं कुसे. जोडू दिला न्हाई." त्यानंतर तू शाळेची पायरी चढला नाहीस. मी मात्र त्याच शाळेतून पुढे गेले, बीएड केलं, विज्ञानाची बाई झाले. तुझ्या भाषेत, त्यांच्यातली झाले.

आणि तू शिकलास, हे मी कधी नाकारलं? नव्वद-एक्क्याण्णवच्या सुमारास तू मंचरच्या भंगारवाल्याकडून जळकी मोटार आणलीस आणि आईच्या जुन्या लुगड्यावर तिचं एकेक वेटोळं सोडून ओळीने मांडून ठेवलंस. कोंबडी जरी लुगड्याकडे आली तरी तू बोंब मारायचास. पहिल्या कितीतरी मोटारी तू नवी तार गुंडाळून भरल्यास आणि चालू केल्या की जाळल्यास. सगळं घर वार्निशच्या धुराने भरायचं. बाबा म्हणायचे, याला शेतात घाला. मग एक दिवस मोटार फिरली आणि फिरतच राहिली, आणि तू अंगणात लहान पोरासारखा नाचलास. कळंबला रस्त्याकडेला दुकान टाकलंस. लोक नारायणगावहून मोटारी घेऊन यायचे. मला अभिमान वाटायचा रे. शिक्षकांच्या खोलीत मी तुझ्याबद्दल सांगायचे, फक्त तुला हे कळू दिलं नाही, कारण तू शेफारला असतास.

या गेल्या भाऊबीजेचं आठवतं? तू पाटावर बसलास, मी ओवाळलं, तू खिशात हात घातलास. मी म्हटलं, "साडी नको, काही नको. ओवाळणीत एवढंच घाल, सोनीला दहावीला बसव." तू तबकाकडे बघून मोठ्याने हसलास. "साडी माग, गळ्यातलं माग. शाळा काय मागतीस येडे?" मग जी जुंपली आपली! करंज्या तशाच राहिल्या. मी म्हटलं, उद्या तिला कुणी विचारलं शिक्षण किती, तर काय सांगेल? तू म्हणालास, "मोटार भरून दाखवील." मी म्हटलं, सगळं जग मोटारीत नसतं. तेव्हा तू ते बोललास, ज्याला मला त्या दिवशी उत्तर सुचलं नाही: "तुज्या शाळंत चुकलं की मार्क जात्यात. माज्याकडं चुकलं की धूर निगतो. मार्क पोरं विसरत्यात. धूर कुनी विसरत न्हाई." सोनी दारात उभी राहून हसत होती. बापाने आत्याला गप्प केलं याचा तिला कोण आनंद!

आता तू कसा गेलास ते तुलाच सांगायचं म्हणजे काय वेड आहे. पण मला वाटतं, तुला ते कळलंच नसणार. म्हणून सांगते.

मोटारीला तीन फेज लागतात, तीन तारा. लोडशेडिंग वाढलं तेव्हापासून दिवसाचे कितीतरी तास दोनच फेज यायचे. घरातले दिवे लागायचे, विहिरीवरची मोटार मात्र चालायची नाही, आणि डोळ्यांदेखत कांदा सुकायचा. तू त्यावर कंडेन्सर, म्हणजे नसलेल्या फेजची जागा भरून काढणारा डबा, लावायचं तंत्र कुठूनसं उचललंस, दुकानात करून बघितलंस, आणि दोन फेजवर मोटार चालवून दाखवलीस. मग काय, आपल्या मळ्यात अशी विहीर राहिली नाही जिच्या पेटीत तू कंडेन्सर बसवला नाहीस. लोकांना शिकवलंसही, हातचं राखून ठेवलं नाहीस. लोक तुला देव मानायला लागले ते तेव्हापासून. फेज गेला तर जाऊ दे, दादाचा कंडेन्सर आहे.

त्या दुपारी ओढ्याच्या खांबावर एका फेजची तार तुटली. ट्रान्सफॉर्मरच्या पेटीचं, म्हणजे डीपीचं, मोठं हँडल खाली ओढलं असतं तर सगळ्या मळ्याची लाईट गेली असती, सगळ्यांच्या मोटारी बंद पडल्या असत्या. लोकांचं पाणी चाललं होतं. तू म्हणालास, कशाला लोकांना त्रास. म्हणून तू डीपीतून फक्त त्या एका फेजचा फ्यूज काढलास, खिशात टाकलास, आणि खांबावर चढलास. फ्यूज काढला म्हणजे तार मेली. कुणीही तेच म्हटलं असतं. सोनी खाली उभी राहून तुला हत्यारं देत होती.

मंचरच्या दवाखान्यात म्हातारा वायरमन आला होता. तो माझ्याशेजारी भिंतीला टेकून बसला आणि म्हणाला, "बाई, समद्यांच्या मोटारी दोन फेजवर चालू व्हत्या ना? तिसऱ्या तारंत मोटारींतनं उलटा करंट येतो. तार गेलेली दिसती, पन ती गेलेली नसती." मला पहिल्यांदा कळलंच नाही. त्याने पुन्हा सांगितलं. मग कळलं. दादा, त्या तारेत करंट डीपीतून आलाच नव्हता. तो मळ्यातल्या विहिरींवरून आला होता. तू बसवलेल्या कंडेन्सरांवर, तू शिकवलेल्या लोकांच्या मोटारी चालत होत्या, आणि त्यांच्या पाण्यात खंड पडू नये म्हणून तू वर चढला होतास.

हे मी तोवर कुणाला सांगितलं नव्हतं. घाटावर तर नाहीच. बबनभाऊची मोटारही तेव्हा चालू होती. कसं सांगू?

तुझ्या धुराला मला आता उत्तर सापडलंय, पण आता त्याचा काय उपयोग! काही चुकांना धूर निघत नाही रे. त्या करून बघणारा माणूस सांगायला मागे राहत नाही. त्याला खांबावरून उतरवणारे कुणीतरी विचार करतात, हा का गेला, आणि ते पुढच्यासाठी लिहून ठेवतात. आमच्या पुस्तकात एक ओळ आहे, मुख्य स्विच बंद केल्याशिवाय तारेला हात लावू नये. ती ओळ कुण्या मेलेल्या माणसाची आहे. तू ती वाचली असतीस तरी मानली नसतीस, कारण तुला 'का' सांगितल्याशिवाय कुणाचंच ऐकायचं नसायचं. आणि आमच्या शाळेत ती ओळ पाठ करून घेतात, गाळलेल्या जागा भरून घेतात, पण 'का' ते कुणी सांगत नाही. मलाही कुणी सांगितलं नव्हतं. म्हणजे तूही बरोबर होतास आणि मीही, आणि दोघांच्या मध्ये तू गेलास. या विचाराने मला दुपारी जेवण जात नाही.

घाटावर कावळा शिवेना, हेही तुला सांगायला हवं. पिंड ठेवले बबनभाऊने. कावळे समोरच्या बाभळीवर बसून होते, एकही खाली येईना. लोक म्हणाले, जीव कशात अडकलाय ते बोला. बबनभाऊ हात जोडून ओरडला, "दादा, काळजी करू नको, सोनी तुजं दुकान चालवील!" कावळा हलला नाही. वहिनीने मला ढकललं, "ताई, तुम्ही म्हणा." मी, जी पोरांना सांगते असल्या गोष्टींत काही नसतं, ती मी पुढे झाले आणि म्हटलं, "दादा, सोनीला मी शाळेत घालीन!" एक कावळा उडाला आणि आणखी लांबच्या झाडावर जाऊन बसला. मागे कुणीतरी फिस्सकन हसलं. मला इतका संताप आला, कावळ्याचा की तुझा कोण जाणे. मेल्यावरसुद्धा तुला माझं पटत नाही का? शेवटी दर्भाचा कावळा करून शिववला. सोनीला मात्र कुणी विचारलं नाही, तुला काय म्हणायचंय म्हणून. ती नदीकडे बघत उभी होती.

दहाव्यानंतर बबनभाऊ घरी आला. चहा घेतला, इकडचं तिकडचं बोलला, मग हळूच म्हणाला, "ती तार अजून तशीच हाय. वायरमन एकलाच, त्याच्याकडं लई गावं हायत, परवा येतो म्हनला. तवर दोन फेजवर मोटारी तापायला लागल्यात. सोने, तू बघतीस का? तुज्या बापानं तुला समदं शिकवलंय." आणि सोनी उठलीच! चप्पल घालायला लागली. मी तिला आडवी आले. घरात काय तमाशा झाला म्हणून सांगू. मी तिचा दंड धरलेला, वहिनी रडतेय, आणि सोनी मला म्हणते, "सोड मला. न्हाईतर सांग, बाबा का गेला. तुला म्हाईत हाय, मला दिसतंय. सांग, मग न्हाई जात."

तिला काहीतरी थातुरमातुर सांगून गप्प करता आलं असतं. मी तिथेच जमिनीवर खडूने तारा काढल्या, मोटार काढली, आणि वायरमनने सांगितलं तसं सगळं सांगितलं. बबनभाऊ दारात उभा राहून ऐकत होता. त्याचा चेहरा मला बघवला नाही. सोनीने सगळं ऐकून घेतलं आणि काय म्हणाली? "मला पटत न्हाई. करून दाखव."

तुझीच पोर!

मी वर्गात बॅटरी आणि छोटा बल्ब यापलीकडे कधी गेलेली नाही. पण दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही दुकान उघडलं. तिने तुझ्या फळीवर मोटार बांधली, कंडेन्सर लावला, दोनच फेज जोडले आणि तिसरी तार मोकळी सोडली. मी तिला हजारदा सांगितलं हात लावू नको, ती लाकडी पट्टी घेऊन काम करत होती, तरी मी मेन स्विचवर हात ठेवून उभी होते. तिने मोकळ्या तारेला एक साधा घरातला बल्ब लावला, बल्बची दुसरी तार न्यूट्रलला. मग स्टार्टर दाबला. मोटार फिरली आणि बल्ब लागला. ज्या तारेला लाईनचा फेज जोडलेलाच नव्हता, त्या तारेवर दिवा लागला. सोनीने मोटार बंद केली, पुन्हा चालू केली. पुन्हा लागला. मग ती पोर, जी तुला पोचवतानाही रडली नव्हती, ती स्टुलावर बसून ओक्साबोक्शी रडली. "एवढंच करून बगायचं व्हतं बाबानं," ती म्हणत होती. "एक बल्ब लावायचा व्हता."

तिचं हे म्हणणं मी तुला सांगितल्याशिवाय राहू शकत नाही, कारण यात तुझ्याइतकाच आमचाही दोष निघतो. तू स्वतः शिकलास ते वाईट नव्हतं. तू शिकायचं थांबलास. मोटार फिरली, लोकांनी वाहवा केली, आणि तिसऱ्या तारेत काय चाललंय हे तू बघितलं नाहीस. आमच्या शाळेतून पास होणाऱ्यांचं तरी काय वेगळं होतं? उत्तर आलं की वही मिटतात.

दुपारी आम्ही मळ्यात गेलो तेव्हा बबनभाऊचा पुतण्या दत्तू खांबाला शिडी लावत होता. बबनभाऊ त्याला अडवत होता, पण बाकीचे म्हणत होते, एक फ्यूज काढलाय, काय होत नाही. विहिरींवर मोटारी चालूच. सोनी धावत सुटली. मला वाटलं, खांबाकडे निघाली. ती डीपीकडे गेली. दोन्ही हातांनी हँडलला लोंबकळली आणि ते खाली ओढलं. सगळ्या मळ्याच्या मोटारी एका दमात बंद पडल्या. इतकी शांतता मी त्या शिवारात कधी ऐकली नव्हती.

मग जो आरडाओरडा झाला! माणसं फडक्याने तोंड पुसत बांधाबांधाने धावत आली. "कुन्या मेल्यानं हँडल वढलं?" "पोरी, डोस्कं फिरलंय का तुजं?" एकजण तर अंगावर आला. सोनी हँडलला पाठ लावून उभी. मी तिच्याशेजारी उभी राहिले, शाळेत उभी राहते तशी, कमरेवर हात ठेवून. सोनी म्हणाली, "दत्तूदादा खाली उतरल्याशिवाय मी कुनाला हात लावू देनार न्हाई. शिव्या द्या काय द्यायच्या त्या." बबनभाऊ पुढे झाला आणि लोकांकडे तोंड करून आमच्यापुढे उभा राहिला. डोळे पुसत होता.

दत्तू वर तार बांधत होता तेवढ्या वेळात सोनी मला हळूच म्हणाली, "आत्या, बाबा म्हनायचा, कुनाचं ऐकू नको, करून बग. पन ज्यांनी आदी करून बगितलंय, त्यांचं लिहिल्यालं कुठं मिळंल? समदं मिळंल का?" मी म्हटलं, मिळेल. जूनमध्ये माझ्याकडे ये, दहावीला बस, पुढे आयटीआयला जा, पुढे आणखी कुठे. समदं कुठेच मिळत नाही, पण पुष्कळ मिळतं. ती म्हणाली, "येते. पन गुरुजी म्हनाले पाठ कर, तर मी विचारनार, का." मी म्हटलं, विचार. मलाच आधी विचार.

दत्तू शिडीवरून उतरला. सोनीने त्याला लांब यायला लावलं, शिडी काढायला लावली, तो बांधावर येऊन उभा राहिला तेव्हाच तिने हँडल वर केलं. मोटारी एकेक करून चालू व्हायला लागल्या. लोक अजून बडबडत होते.

तू तिथं असतास तर सगळ्यांच्या आधी तिच्यावर ओरडला असतास, लोकांच्या मोटारी बंद पाडल्या म्हणून. मी तुझ्यावर ओरडले असते. भर उन्हात, सगळ्या मळ्यासमोर आपली जुंपली असती.

पण असतास, दादा.